दगड वाजवून घेताना

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ग्राइंडर थांबला. हातात अर्ध्या इंचाचं ड्रिल होतं. एका बाजूची धार झाली होती, दुसरी राहिली ती राहिलीच.

खोलून पाहिलं. डाव्या अंगाचं बेअरिंग पूर्ण खाल्लं गेलंय, आतल्या गोळ्यांचा चुरा झालाय. ते जागच्या जागी फिरून शाफ्टही झिजलाय, मोजून अर्धा मिलिमीटर. नवं बेअरिंग त्यावर घट्ट बसणार नाही, आणि सैल बेअरिंग मी कोणाच्या मशीनला बसवत नाही, स्वतःच्या तर नाहीच. सत्तावीस वर्षं चाललं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून आणलं होतं आणि त्याची कॉइल मीच भरली होती. मशीन गेलं.

श्रीपतीभाऊ म्हणाले, "दोन म्हैनं वराडत व्हतं ते, भाई." मी म्हटलं, रोज आठ तास त्याच्या पुढ्यात मी उभा असतो, मग मला कसं ऐकू आलं नाही? ते गोळ्यांचा चुरा झाडायला लागले. माणूस चांगला. वडिवळ्याहून एकोणीस वर्षं माझ्याकडे कामाला येतात, एक दिवस उशीर नाही. पण एखादी गोष्ट घडून गेल्यावर 'मला आधीच माहीत होतं' म्हणायची सवय माणसाला साठीनंतर लागते.

या रजिस्टरमध्ये आजवर फक्त मशीनच्या नोंदी लिहिल्या. आता नवा ग्राइंडर निवडायचा आहे, तर रोजचं रोज सगळंच लिहायचं ठरवलं. आठवीत शाळा सोडली. धार लावायला मला कोणी शिकवलं नाही. जे आलं ते बघून, मोजून आणि लिहून आलं.

आमचं पोट ड्रिलच्या धारेवर आहे. आंबीच्या एका कारखान्यातून दर सोमवारी बोथट ड्रिलचे तीन डबे कामशेतला येतात आणि शुक्रवारी धार लावून परत जातात. बाकी किरकोळ. तिथल्या साहेबांना फोन केला. रेंज नव्हती, त्यांचं बोलणं तुटत होतं, शेवटी बायकोने, मदिनाने, फोन घेतला आणि मला सांगितलं. म्हणाले, दोन आठवडे माल अडवून ठेवतो. सतरा तारखेला फोन करतो, तेव्हा तयार आहे म्हणून सांगा. नाहीतर चाकणला कॉम्प्युटरच्या मशीनवर धार लावून देणारे मागे लागलेच आहेत.

सतरा तारीख.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी आमच्याकडे वीज नसते, म्हणून लोणावळ्याला जाऊन आलो.

ग्राइंडर घेताना लोक रंग बघतात आणि वर दिवा आहे का ते बघतात. मला हवाय आठ इंची, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या अंगाचा, एका हॉर्सपॉवरचा, मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. अंग बिडाचंच हवं. हलक्या धातूचा असेल तर तो थरथरतो, आणि मशीन थरथरलं की ड्रिलचं टोक मधोमध राहत नाही. दुकानात चालू करून त्याच्या डोक्यावर पाच रुपयांचं नाणं उभं करायचं. नाणं पडलं तर नमस्कार करून बाहेर यायचं. मग बटण बंद करून घड्याळ बघायचं, थांबायला किती वेळ घेतो. जुना दोन मिनिटं चाळीस सेकंद घ्यायचा.

लोणावळ्यात दोन पाहिले. पहिल्यावर नाणं उभं राहीना. दुसऱ्यावर राहिलं, पण तो बावीस सेकंदांत थांबला. दुकानदार म्हणाला, काका, लवकर थांबतो म्हणजे सेफ्टी. मी म्हटलं, लवकर थांबतो म्हणजे आतून घासतोय. त्याने गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहून डोळे फिरवले. फिरवू दे.

येताना स्टेशनवर बाकावर बसलो होतो. मालगाडी मागून अगदी जवळून गेली, वारा लागला तेव्हा कळलं. नवी इंजिनं फार शांत केली आहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

ग्राइंडर मिळाला. आणि मिळालाही नाही.

तळेगावला सुहासच्या दुकानात गेलो. बावीस वर्षांचा संबंध. तो वडिलांच्या गल्ल्यावर नवा बसला होता तेव्हा त्याला नटाचा आटा ओळखता येत नव्हता. आता अर्ध्या मावळाचे वर्कशॉपवाले त्याच्याकडून माल नेतात. श्रीपतीभाऊ एरवी बरोबर असतात, आज त्यांना मशीनचा पाया फोडायला मागे ठेवलं होतं.

त्याने आतून खोकं काढलं. बिडाचं अंग, कोपरे नीट घासलेले. नाणं उभं राहिलं. मी मुद्दाम दुसऱ्यांदा ठेवलं, तरी राहिलं. थांबायला दोन मिनिटं पाच सेकंद. नव्या मशीनला हे फार झालं. आवाज तर जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, सुहास, हाच.

मग दगड. ग्राइंडरच्या चाकाला आम्ही दगडच म्हणतो. दगड वाजवून घेतल्याशिवाय बसवायचा नाही हा माझा नियम आहे. भोकात बोट घालून दगड लोंबता धरायचा आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने कडेला हलकं ठोकायचं. चांगला दगड गातो. तडकलेला असेल तर नुसता ठक वाजतो. डोळ्याला ही तडक, ही भेग, दिसत नाही, कानालाच कळते. तडकलेला दगड अठ्ठावीसशे फेऱ्यांवर फुटला तर काय होतं ते मी एकविसाव्या वर्षी पाहिलंय. कोंडाजी नावाचा माणूस माझ्या शेजारी उभा होता. त्यानंतर तो कधी नीट चावून जेवला नाही.

मशीनबरोबरचा पहिला दगड वाजवला. ठक. दुसरा, ठक. सुहासने मांडणीवरचे काढून दिले. पाच वाजवले, पाचही ठक. सात दगड, एकही गात नाही. प्रत्येकाचं मी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं, नंबर घालून.

सुहास म्हणाला, "नूरभाई, वाजतोय की."

"काय वाजतोय?"

"दगड. चांगला वाजतोय."

मी म्हटलं, तुला माल खपवायचाय म्हणून तुला वाजतोय. टेम्पोत आपटलेला लॉट आहे हा. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या एकाने हातातला दगड गुपचूप मांडणीवर परत ठेवला.

सुहासने एक दगड उचलला, स्वतः ठोकला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग 'बरं' म्हणाला. खोक्यावर पेन्सिलीने माझं नाव लिहून ते बाजूला ठेवलं. "मशीन तुमचंच. दगडाचं बघू."

हे वाजवणं त्याला मीच शिकवलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

वर्कशॉपवाल्यांचा ग्रुप आहे, मावळातली एकशे चाळीस माणसं. सातही रेकॉर्डिंग त्यावर टाकली. खाली लिहिलं: 'सुहासच्या दुकानातील दगडांचा चालू लॉट तडकलेला आहे. पुराव्यासाठी आवाज सोबत. सर्वांनी काळजी घ्यावी.' मित्राचं नाव लिहायला जड गेलं. पण दगड फुटला तर तो मित्र बघत नाही.

तास गेला. मग इंदुरीच्या अंबाजीने लिहिलं, नूरभाई, हे तर वाजतायत ना? मी उत्तर दिलं, अंबाजी, आधी कान तपासून घे. त्यावर बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले. मग एका जुन्या माणसाने लिहिलं, नूरभाई म्हणतात म्हणजे असणार. संध्याकाळपर्यंत चौघांनी सुहासला दगड परत करतो म्हणून कळवलं.

माझ्या कानाला मावळात अजून वजन आहे. सुहासने मात्र एक अक्षर लिहिलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कामशेतातही दोन दुकानांत दगड बघितले. सगळे ठक. ही दुकानं सुहासची गिऱ्हाइकं नाहीत, दगडही वेगळ्या कंपनीचे. एकूणच माल उतरला आहे. कंपनीला पत्र लिहायला घेतलं.

मदिना शेजारी गेली होती, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हणून सांगून. शिट्टी झालीच नाही. डाळ करपली, ती धावत आली तेव्हा घरभर वास. तिच्या म्हणण्यानं शिट्ट्या बाहेर रस्त्यावर ऐकू येत होत्या. मी शिट्टी खोलली, भोक तारेनं साफ केलं, रबर बदललं. आत दोष काही सापडला नाही. पण खोलली म्हणून आता नीट होईल.

तिनं डाळीचं भांडं घासत काहीतरी म्हटलं. मी म्हटलं, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. तर म्हणाली, काही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

फळीवर लाकडाच्या भुशात एक पांढरा दगड जपून ठेवला होता. बारा वर्षांपूर्वीचा. असा दगड आता मिळत नाही, चांगल्या मशीनसाठी राखला होता. विचार केला, हा लावून सुहासकडचं मशीन चालू करावं, सोमवारच्या आत होईल. श्रीपतीभाऊ चहा आणायला गेले होते. दगड काढला, पुसला, बोटावर धरून ठोकला.

ठक.

चार जागी ठोकला. चारी ठक.

हा लॉटमधला नव्हता, टेम्पोत आपटला नव्हता. माझ्या फळीवर माझ्याच हाताने ठेवलेला होता. मग आपटला कोणी? फळीपर्यंत हात जातो असे दोघंच, मी आणि श्रीपतीभाऊ. ते चहा घेऊन आले तशी मी विचारलं. ते म्हणाले, "मी न्हाई पाडला, भाई." मी म्हटलं, मग आपोआप तडकला का? ते दगडाकडे हात पुढे करून म्हणाले, आना हिकडं, बघतो. मी दिला नाही. म्हटलं, "तू काय बघणार?"

तू म्हणालो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत. एकोणीस वर्षांत कधी तोंडातून गेलं नव्हतं.

त्यांनी चहाचे दोन्ही ग्लास ऐरणीवर ठेवले. डबा घेतला, टोपी घातली आणि गेले.

बाद दगड चुकून कोणी लावू नये म्हणून लगेच फोडायचा असतो. तोही माझाच नियम. घण घेतला आणि फोडला. तीन तुकडे झाले. तुटलेली बाजू उजेडात धरून बघितली. जुनी तडक असती तर तिच्यात धूळ-तेल शिरून काळी रेघ दिसली असती. तिन्ही तुकड्यांत कुठंही रेघ नाही. आतून सगळा पांढरा, साखरेसारखा.

तडक फार बारीक असावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

श्रीपतीभाऊ आले नाहीत. वडिवळ्यात भाताची झोडणी चालू असेल.

चष्मा विसरून गेलेत, खिळ्याला आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून मोबाईल पुढ्यात ठेवून बसलो होतो. दगडाचं काहीही करून दोन दिवसांत जमवतो, असं साहेबांना सांगायचं ठरवलं होतं. पुण्याहून मागवायचे, स्वतः जाऊन पन्नास वाजवायचे, पन्नासात एक तरी गाईल. साडेअकरापर्यंत फोन नाही. पायाचा खड्डा झाडून घेतला, माझी पाठ मोबाईलकडे होती. पंधरा मिनिटंच. परत येऊन बघतो तर आंबीचे तीन फोन येऊन गेलेले.

उलट लावला. कोणी उचलला नाही. चार वेळा लावला.

मोबाईलचा स्पीकर गेलाय. तरी वर्षभराचाच आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चष्मा द्यायला म्हणून वडिवळ्याला गेलो. चष्मा हे निमित्त होतं, लिहायचंच तर खरं लिहितो.

धरणाच्या खालच्या अंगाला त्यांचं खाचर आहे. श्रीपतीभाऊ आणि त्यांची बायको चंपावहिनी खळ्यावर भात झोडत होते. मला बघून वहिनी पाणी आणायला गेल्या. भाऊ थांबले नाहीत. पेंढी उचलायची, फळीवर आपटायची, झटकायची. मी चष्मा पुढे केला, तो त्यांनी मुंडाशात खोचला.

मी म्हटलं, त्या दिवशी तोंडातून चुकीचं गेलं. ते म्हणाले, जाऊ द्या. पेंढी आपटली. मग म्हणाले, "फोडला का?"

"फोडला."

"रेग व्हती?"

मी म्हटलं, नव्हती.

तेव्हा ते थांबले. पेंढी खाली ठेवून खळ्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मोबाईलमदी भरलेत म्हनं तुमी सात दगड. आईकवा बरं."

मी मोबाईल काढला, एक नंबर लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मान हलवली. दोन नंबर लावला, मान हलवली. मला प्रत्येक वेळी ठक ऐकू येत होतं, फक्त ठक. सातव्यालाही त्यांनी मान हलवली. सात वेळा.

"सात बी गात्यात, भाई," ते म्हणाले.

पाणी घेऊन आलेल्या वहिनी जरा लांबच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मग वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं मला ऐकू येत होतं ते काय? ते म्हणाले, "आदी येत व्हतं. दोन वर्सं झाली, येत न्हाई. तुमी दगड वाजवायचा अन् माज्या तोंडाकडं बघायचा. मी मान हलवली की म्हनायचा, गातोय. मला आदी वाटलं, तुमी मला शिकिवताय. मग कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तुमी म्हनला असता, श्रीपतीभाऊ साठीला आलं."

तेच म्हणालो असतो. चार तारखेला तर इथे लिहूनही ठेवलंय.

मग ते म्हणाले, "औंदा पावसाळ्यात एकदा म्या मान हलवली न्हाई. तुमी लगेच दगड बाजूला ठिवला. तो खरंच तडकला व्हता."

घरी येऊन हे रजिस्टर मागे उलटून पाहिलं. सापडलं. १२ जुलै, माझ्याच अक्षरात: 'आज निव्वळ आवाजावरून तडक पकडली. फोडल्यावर काळी रेघ निघाली. श्रीपतीभाऊंच्या लक्षात आली नव्हती.'

खाली मी दोन रेघा मारून ठेवल्या आहेत, नोंद महत्त्वाची म्हणून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुलगा इरफान तळेगावला असतो, तो कान तपासायला घेऊन गेला. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसलो होतो. बाहेरून बाई हाताने खुणावत होत्या, झालं म्हणून.

आलेख दिला. तो मात्र चांगला काढलेला आहे. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ सरळ चालते. उजवीकडे बारीक आवाजांच्या अंगाला कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. दोन्ही कानांची तीच तऱ्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणसांचं बोलणं बरंचसं कळेल, पण शिट्टी, घंटी, फोन, बायका-मुलांचे बारीक आवाज जातात. यंत्र लावून थोडा फरक पडेल, गेलेलं परत येत नाही. विचारलं, मशीनवर कानात काही घालत होतात का?

मी म्हटलं, नाही. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, कानात बोळे घातले की बेअरिंग कधी गेलं ते कळत नाही.

येताना गाडीत इरफान म्हणाला, "अब्बा, आम्हाला वाटायचं तुम्ही रागावलेले आहात, म्हणून हाक मारली तरी वळत नाही." मग तो काही बोलला नाही. किंवा बोलला असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं: 'सुहासकडील सातही दगड चांगले आहेत. दोष माझ्या कानात होता, तपासणीत निघाला. आवाज मला ऐकू येत नव्हता. अंबाजीचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी माल परत केला त्यांनी तो पुन्हा घ्यावा. नूरमहंमद, कामशेत.'

अंबाजीने हात जोडलेले पाठवले. बाकी कोणी काही नाही. नऊ तारखेचे हसरे चेहरे वर जाऊन पुन्हा बघितले. ते अंबाजीला नव्हते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तळेगाव. सुहास गल्ल्यावर होता, बसा म्हणाला, चहा सांगितला. मी उभाच राहिलो. जे लिहिलं तेच पुन्हा तोंडाने बोललो, दुकानात चार माणसं होती तरी. ज्या जागेवर बोललो होतो त्याच जागेवर मागे घ्यायचं होतं.

त्याने ऐकून घेतलं. मांडणीकडे बोट केलं. दगडांचा खण रिकामा होता, तिथे पत्र्याच्या कात्र्या लावल्या होत्या.

म्हणाला, "कंपनीला परत पाठवले. तुम्ही एकदा नाही म्हणालात नूरभाई, की तळेगावात कोण हात लावतो? आता दगड मी ठेवत नाही." रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. बिल बनवताना बोलतात तसं बोलला.

खोकं होतं. पेन्सिलीने लिहिलेलं माझं नाव तसंच. आत मशीनबरोबरचे दोन दगड होते, माझ्या यादीतले एक आणि दोन नंबर. ते त्याने परत पाठवले नव्हते. म्हणाला, ते मशीनचे आहेत, मशीन तुमचं.

चहा आला. मी प्यालो. मग खोकं घेऊन निघालो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डबे आले नाहीत. मी फोन लावला, इरफानला शेजारी बसवून, तो ऐकून मला सांगत होता. साहेब म्हणाले, सतराला तीन वेळा केला, तुमचा निरोप नाही, मग चाकणला दिलं. वर्षाचा करार झाला. म्हणाले, वाईट वाटतं, तुमच्यासारखी धार मिळणार नाही.

इरफानने ते शेवटचं वाक्य स्वतःचं जोडलं नसेल ना, हे मला सांगता येत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन पायावर बसवलं. पाणसळ लावून चारी बाजूंनी तपासलं. दुपारी श्रीपतीभाऊ आले. बोलावलं नव्हतं. कपड्यांना भाताचा कोंडा. म्हणाले, "दगड बसवायचा ऱ्हायलाय ना?"

एक नंबर बोटावर धरला. ठोकला. आणि आज मुद्दाम, समजून उमजून, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. दोन नंबरलाही हलवली. मी 'गातोय' म्हणालो नाही.

दोन्ही बसवले. चालू केलं. नाणं उभं राहिलं. एक सुद्धा ड्रिल नव्हतं धार लावायला. ते अर्ध्या इंचाचं, चार तारखेला अर्धवट राहिलेलं, तेवढं दुसऱ्या बाजूनं पूर्ण केलं.

जाताना मी विचारलं, उद्या येणार का? म्हणाले, "झोडणी हाय. मग बघू. काम तरी कुटं हाय, भाई?" खरं आहे. दारातून मागे वळून म्हणाले, "दगड बदलायचा आसंल तवा मातर निरोप द्या."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रीपतीभाऊ साठीचे. त्यांचेही कान पुढे किती टिकतील? तेही एकोणीस वर्षं माझ्याच नियमाने बोळ्यांशिवाय राहिले. म्हणून आज मदिनाला शिकवायला बसवलं. दोन नंबरचा दगड उतरवून तिच्या बोटावर दिला, हातात पेचकस दिला. तिने ठोकला.

"काय ऐकू आलं?"

"वाजला."

"कसा वाजला ते सांग."

ती म्हणाली, चांगला कसा वाजतो ते तुम्ही सांगा, मग मी सांगते तसा आहे का. ते बरोबर होतं. पण सांगायचं कसं? तडकलेला दगड घरात नाही, शेजारी वाजवून दाखवायला. जो फोडला तो चांगला होता. तुकडे वाजत नाहीत. मी म्हटलं, तांब्याच्या घागरीसारखा नाही, तो जाड. स्टीलच्या वाटीसारखा पण नाही, तो लवकर संपतो. घरातला तसा आवाज आठवून बघितला. म्हटलं, तू ओट्यावर काम करताना तुझ्या काचेच्या बांगड्या कडप्प्याला लागतात ना, तसा. त्याच्याहून लांब.

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. एकेक धातूची पाटली होती.

"काचेच्या घालणं सोडून दोन वर्षं झाली," म्हणाली. "तुम्ही विचाराल असं वाटलं होतं."

मी तपशिलात चुकत नाही, असं या रजिस्टरात मागे कितीतरी ठिकाणी लिहिलं असेल.

तिने पुन्हा ठोकला आणि या वेळी बराच वेळ दगडाला कान लावून बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, तुम्ही लिहून ठेवा, मी वाचेन आणि मग वाजवेन. म्हणून तिच्यासाठी लिहितो, जेवढं आठवतं तेवढं अचूक:

चांगल्या दगडाचा आवाज बारीक असतो. ठोकल्यावर लगेच मोठा होत नाही, अर्धा क्षण थांबतो आणि मग निघतो. एका जागी न राहता दगडाभोवती फिरतो असं वाटतं. त्यात खरखर नसते. हळूहळू कमी होत जातो, आणि शेवटी इतका बारीक होतो की तो कधी संपला आणि आपण नुसतेच ऐकत बसलो होतो, हे कळत नाही.